मोठ्या आवाजाची खानावळ

योंगदो बेटावर कोणी हळू बोलत नाही. बुसानची माणसं पूल ओलांडून इथे आली की त्यांना वाटतं, आमची भांडणं चालली आहेत. भांडण नसतं, मुळा कोवळा आहे का एवढंच आम्ही विचारत असतो. गोदीत दुरुस्तीला आलेल्या जहाजांच्या बुडाचा गंज हातोडीने ठोकून काढावा लागतो आणि हे काम इथल्या बायकांनी वर्षानुवर्षं केलं. दोरावर टांगलेल्या फळीवर बसून दिवसाचे आठ तास, लोखंडावर लोखंड. त्यांचे कान गेले. मग त्या घरात ओरडून बोलायला लागल्या आणि त्यांच्या मुलांनाही तीच सवय लागली. मी त्या मुलांपैकीच एक. पुलापासून दुसऱ्या गल्लीत माझं कानाच्या मशीनचं दुकान आहे. या धंद्याला अख्ख्या कोरियात याहून चांगली जागा सापडणार नाही.

माझ्या आईने एकतीस वर्षं हातोडी चालवली. तिचं कानाचं मशीन मीच बसवलं आणि दर वसंतात, दर शरदात मीच तिचे कान तपासते. दुकानात काचेची एक बंद खोली आहे. आईला आत बसवायचं, डोक्याला हेडफोन लावायचे, आधी शिट्ट्या ऐकवायच्या आणि मग पंचवीस शब्द. घर, बोट, मीठ, पाऊल, असे साधे शब्द. ऐकलेला शब्द तिने परत म्हणायचा. हे शब्द माझ्याच आवाजात ध्वनिमुद्रित केलेले आहेत. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकताना मला लाज वाटली होती. पंधरा वर्षं दिवसातून सहा वेळा ऐकल्यावर आता तो मी शेजारणीच्या आवाजासारखा ओळखते.

गेल्या शरदात आईने पंचवीसपैकी अठरा शब्द बरोबर सांगितले होते. या एप्रिलमध्ये चार.

मी तारा तपासल्या, हेडफोन बदलले. शिट्ट्यांचा आलेख जुनाच होता, एका रेघेचाही फरक नव्हता. म्हणजे कान होते तसेच होते. मग कपाटातून कंपनीने दिलेली जुनी चकती काढली. तिच्यावर कोणा परक्या पुरुषाच्या आवाजात तसेच पंचवीस शब्द आहेत. आईने सतरा सांगितले. पुन्हा माझा आवाज लावला. तीन.

मी काचेचं दार उघडून आत गेले. "आई, मुद्दाम करतेस का?"

"काय?"

"मुद्दाम करतेस का!"

तिने माझ्या ओठांकडे पाहिलं आणि पर्स उचलली. "चल, मला जेवायला जायचंय," म्हणाली आणि निघाली. घड्याळात बारा वाजत आले होते. मला तिचा भयंकर राग आला होता आणि तो राग नसून भीती आहे, हे मला तेव्हाही कळत होतं.

आई एकटी राहते. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. ती बाहेर कुठे जेवते हे मला ठाऊकच नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी गिल्जा काकूंकडून कळलं. काकू आईच्या जोडीने फळीवर बसायच्या. त्या मशीनचे सेल घ्यायला आल्या होत्या.

"तुझी आई झकास जेवते हो दुपारी," त्या दुकानभर ओरडल्या. "वाकटीचं कालवण! दोघांचं!"

"दोघांचं? कोणाबरोबर?"

"दोघांपेक्षा कमी कोण वाढतं का? तू एकटी जाऊन बघ कुठे, हाकलतील तुला!"

ते खरंच होतं. कालवणाचं पसरट पातेलं शेगडीसकट टेबलावर येतं आणि ते दोघांपुरतं असतं. एकट्या माणसाला दारातूनच विचारतात, "किती जण?" आणि एक बोट दिसलं की मान हलवतात. त्यामुळे इथल्या विधवा घरी भातात पाणी घालून जेवतात. आई दोघांचं मागवत असेल तर दुसरं माणूस कोण? म्हाताऱ्यांना गोड बोलून गंडवणाऱ्यांचा सध्या सुळसुळाट आहे. कोणी औषधं विकतो, कोणी देव विकतो. मी आवाज मोजायचं यंत्र पिशवीत टाकलं, कारण काकूंच्या तोंडून खानावळीचं नाव ऐकताच तिथला गोंगाट आईच्या कानांना भोवतोय, असा दुसराही संशय मला आला होता. तिच्यावर पाटी नाही. लोक तिला मोठ्या आवाजाची खानावळ म्हणतात.

इंजिनांचे सुटे भाग विकणाऱ्या गल्लीच्या टोकाला ती आहे. बारा वाजून वीस मिनिटांनी मी पोचले. गाणं आधी तळपायांना लागलं, मग छातीला आणि दार सरकवल्यावर कानांना. चार कोपऱ्यांत चार काळे स्पीकर होते. जुन्या नाचाच्या ठेक्यावर एक बाई गात होती आणि शब्द काही केल्या कळत नव्हते. यंत्राने सत्त्याण्णव डेसिबल दाखवले. एवढ्या आवाजात रोज दोन तास बसलं तर चांगला कान वर्षभरात खराब होतो. हे मी लेखी देऊ शकते.

खानावळीची मालकीण योम मावशी तेवढ्यात पातेलं घेऊन माझ्यासमोरून गेली. तिच्या कानांवर गोदीत वापरतात ती नारिंगी टोपणं होती.

कोपऱ्यातलं रिकामं टेबल सोडून अकरा टेबलं होती. प्रत्येकाशी एक माणूस, आणि प्रत्येक टेबलावर भाताच्या दोन वाट्या, दोन चमचे, जवाच्या पाण्याचे दोन पेले.

मोठ्या शहरांतल्या खानावळी गाणी मोठ्याने का लावतात, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. गोंगाटात माणूस बोलत नाही, भराभर गिळतो आणि उठतो. की टेबल मोकळं. इथे उलटंच होतं. कोणाला घाई नव्हती. माणसं पुढे झुकून बसली होती. ओठ हलायचे, थांबायचे, मान डोलायची, पुन्हा ओठ हलायचे. आणि कोणी ओरडत नव्हतं. ठार बहिरी माणसं, सत्त्याण्णव डेसिबल, आणि कोणाच्याही गळ्याची शीर ताणलेली नव्हती.

भिंतीजवळ एक निवृत्त वेल्डर होता. त्याच्या मशीनचा साचा मीच घेतला होता. भात समोर वाफाळत असताना तो हात गुडघ्यांवर ठेवून गप्प बसला होता. बऱ्याच वेळाने त्याने किंचित मान झुकवली आणि मगच चमचा उचलला. थोड्या वेळाने सोजू दारूचा पेला दोन्ही हातांनी धरला, तोंड बाजूला वळवलं आणि प्यायला. वडीलधाऱ्यांसमोर आम्ही असंच थांबतो आणि असंच पितो. त्याच्या समोरची खुर्ची रिकामी होती.

आई पंख्याखाली बसली होती. चॉपस्टिकने वाकटीचे काटे काढून ती मऊ तुकडा पलीकडच्या भातावर ठेवत होती. मग हसली. तिचे दात दिसले. आईचे दात मी शेवटचे कधी पाहिले होते, मला आठवेना.

बाबा, मी मनाशी म्हटलं. बाबांची वाटी वाढून बसलीये. आणि त्याच दमात मावशीचा संताप आला. एकट्या माणसांना दोन वाट्या वाढायच्या आणि त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते गोंगाटाने झाकायचं. बरा धंदा आहे.

मी कोपऱ्यात दोघांचं मागवलं आणि आईची पाठ दिसेल अशी बसले. दीड वाजता ती उठून गेली. मावशी आत होती, म्हणून मी आईच्या टेबलाशी जाऊन दुसऱ्या वाटीतला भात तोंडात टाकला. त्याला चव नव्हती. अळणी नव्हे, चवच नव्हती, कागद चावल्यासारखं. गोंगाटात जीभ मंदावते, हे प्रयोगांनी सिद्ध झालेलं आहे. म्हणून थोडा भात त्या वाटीतला आणि थोडा माझ्या वाटीतला, असा दोन रुमालांत बांधून दुकानात आणला. काचेच्या बंद खोलीत बसून दोन्ही खाल्ले. माझ्या वाटीतला भात भातासारखा लागला. आईच्या टेबलावरचा तिथेही कागदच होता.

संध्याकाळच्या आत मी आईच्या घरी गेले. ती चढावरच्या घरात, पंचेचाळीस पायऱ्या वर राहते. मशीन बशीत काढून ठेवलेलं होतं.

"मशीन लाव!"

"काय?"

"मशीन! लाव! तिथे कोणाशी बोलतेस तू?"

"काय?"

मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं: खानावळीत कोणाशी बोलतेस? तिने ते वाचलं, कागदाची घडी केली आणि किमचीच्या बरणीखाली ठेवली.

"तू कामात असतेस," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. सुनावलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी खानावळ गाठली. गाणी सुरू व्हायची होती. योम मावशी दाराजवळ पाटावर बसून मुळे सोलत होती. नारिंगी टोपणं गळ्यात लटकत होती.

"मी गोंग सनोक, कानाच्या मशीनवाली," मी म्हटलं. "माझी आई इथे येते. या आवाजाची मी पालिकेत तक्रार करणार आहे."

"कर की." तिने मान वर केली नाही. "गेल्या साली पालिकेचा माणूस आला होता. तुझ्यासारखंच यंत्र होतं हातात. म्हटलं, आलायस तर जेवून जा. आता रोज येतो. खिडकीजवळ बसतो ना, टक्कल आहे, तो."

"कसली गाणी लावता तुम्ही?"

"नवऱ्याने जमवलेली. मला नाही कळत."

"आणि ही माणसं कोणाशी बोलतात?"

"पोरी, मी कालवण करते आणि आवाज वाढवते. पलीकडे कोण बसतं ते मी बघत नाही." तिने पुढचा मुळा उचलला. "कमी आवाजात ते येत नाहीत. करून पाहिलं मी. गिऱ्हाइकं जेवली नाहीत, नुसती दाराकडे बघत बसली. जीव गलबलला माझा."

"मग तुम्ही कान का झाकता?"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मला कोणाशी बोलायचं नाहीये," म्हणाली आणि मुळ्यांची परात उचलून आत गेली.

गल्लीच्या तोंडाशी गिल्जा काकू भेटल्या. हातात छत्री, ओठांना रंग, लग्नाला निघाल्यासारख्या.

"काकू, खरं सांगा," मी त्यांच्या कानाशी ओरडले. "तिथे कोणाशी बोलता तुम्ही?"

"आमच्या धाकट्याशी!"

"तो तर उल्सानला असतो ना?"

"उल्सानचा तर फोनसुद्धा करत नाही मेला!" काकूंनी हात झटकला. "हा येतो!"

मी हसले. मग दुकानापर्यंत चालत आले आणि कुलपात किल्ली घालताना माझा हात थांबला. उल्सानचा धाकटा जिवंत आहे. मागच्याच महिन्यात त्याने काकूंसाठी सेलचा खोका माझ्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवला होता.

मी किल्ली परत खिशात टाकली आणि मागे वळले.

बारा वाजून दहा मिनिटांनी मी आईच्या मागच्या टेबलाशी बसले होते. फोम दाबून कानांत कोंबला होता. तरीही ठेका दातांत वाजत होता. मावशीने आईसमोर पातेलं ठेवलं, दोन वाट्या ठेवल्या, दोन चमचे ठेवले.

आईने लगेच चमचा उचलला.

मी बघतच राहिले. बाबांनी चमचा उचलल्याशिवाय आईने जन्मात कधी उचलला नाही. ते आजारी असताना, त्यांचा हात थरथरत असताना, तो चमचा भातापर्यंत पोचेस्तोवर ती हात मांडीवर ठेवून बसायची. कालवण निवून जायचं, पण ती थांबायची. समोर बाबा असते तर आता थांबली असती. वेल्डर थांबला होता तशी.

ती थांबली नाही. म्हणजे समोर होतं ते माणूस तिच्याहून लहान होतं.

आईने काटे काढून तुकडा पलीकडच्या वाटीत ठेवला. आणि त्या गोंगाटात, फोम कोंबलेल्या कानांना, मला तिचं बोलणं ऐकू आलं. ओरडणं नव्हे. इतक्या हळू आवाजात आईला बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं.

"सावकाश खा गं. किती वाळलीस."

मग ती गप्प झाली, ऐकत राहिली, मान डोलावत राहिली.

मी उठले. गल्ल्याच्या मागे, भिंतीवर, चारही तारा एका बटणाशी जात होत्या. मावशीने मला पाहिलं. ती धावली नाही, ओरडली नाही. तिने फक्त दोन्ही हातांनी टोपणं कानांवर घट्ट दाबली.

मी फोम काढला आणि बटण बंद केलं.

अकराही चमचे थांबले.

शेगडीवर कालवण रटरटत होतं. पंखा फिरत होता. आईच्या टेबलाकडून एक बाई बोलत होती. तिचं वाक्य अर्ध्यावर होतं आणि ते तिने शांतपणे पुरं केलं.

"...ते मशीन काढून ठेव, आई. मला ऐकायला ते लागत नाही."

घर, बोट, मीठ, पाऊल. पंधरा वर्षं, दिवसातून सहा वेळा. तो आवाज मी कुठेही ओळखला असता.

खुर्ची रिकामी होती.

सगळी डोकी माझ्याकडे वळली. रागाने नाही. उंबऱ्याशी आलेलं कोणी आपल्यामुळे परत गेलं की घरची माणसं बघतात, तशी ती बघत होती. मावशी येऊन माझ्या हाताशेजारचं बटण दाबून गेली आणि ठेका पुन्हा जमिनीतून वर आला.

मी आईला दंडाला धरून बाहेर काढलं. ती आली, हट्ट केला नाही. फक्त दारातून एकदा मागे वळून पाहिलं.

पंचेचाळीस पायऱ्या आम्ही हळूहळू चढलो. घरात गेल्यावर मी तिला जमिनीवर, खिडकीच्या उजेडात बसवलं. मशीन तिच्या कानांत घातलं, हिरवा दिवा लागल्याचं पाहिलं आणि तिच्यासमोर मांडी घालून बसले. ओरडले नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी आईशी हळू बोलले. म्हटलं, आई, मी तुला नुसत्या सूचना देत राहिले. मशीन लाव, गोळ्या घे, दार लाव. तुझ्याशी बोललेच नाही. मला तुझी भीती वाटते, तू जाशील याची. म्हटलं, फळीवरून उतरून यायचीस तेव्हा तुझ्या केसांना गंजाचा वास यायचा, तो मला अजून आवडतो. बोलता बोलता मी रडायला लागले.

आई माझ्या ओठांकडे नम्रपणे बघत होती.

"काय?" ती म्हणाली.

तेवढ्यात खालच्या घरातल्या बाईने तिच्या अंगणातून विचारलं, "कपडे वाळलेत, काढू का हो तुमचे?" आणि आई तत्काळ म्हणाली, "काढ गं, उपकार होतील!"

मशीन चालत होतं.

ती उठली, स्वयंपाकघरात गेली. भात गरम केल्याचा, झाकण सरकवल्याचा आवाज आला. बैठं टेबल घेऊन ती बाहेर आली तेव्हा त्यावर भाताच्या दोन वाट्या होत्या, दोन चमचे, बांगड्याचा एक तुकडा. खानावळीतलं जेवण मी अर्ध्यावर तोडलं होतं आणि तरी तिने माझ्यासाठी वाटी वाढली होती. मला इतका आनंद झाला की डोळेही पुसले नाहीत. मी पुढे सरकले आणि चमच्याला हात लावला.

आईने तो माझ्या हातातून हलकेच काढून घेतला आणि वाटीशेजारी सरळ ठेवला.

"माझी मुलगी येईल इतक्यात जेवायला," ती म्हणाली. "तुम्ही निघा आता. जाताना दार ओढून घ्या."

तिने कानांतलं मशीन काढलं आणि बशीत ठेवलं.

मी बाहेर आले. दार ओढून घेतलं. पायऱ्यांवर ऊन होतं, खालची बाई दोरीवरचे कपडे काढत होती. बूट घालता घालता मला आतून चमचा वाटीला लागल्याचा आवाज आला. मग दुसरा, लगोलग, पहिल्याहून हलका.

मी दाराला तोंड लावून ओरडले. "आई!" गोदीपर्यंत जाईल असं ओरडले. खालच्या बाईच्या हातातला कपडा पडला.

आत चमचे थांबले.

"कोण गं?" आईने विचारलं, हळू.

"कोणी नाही, आई," माझा आवाज म्हणाला. "तू जेव."